पशुपालकाचे नाव

तहसीलसमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, वारसाचा फेरफार, पीक विम्याची तक्रार, सगळं माझ्या हातून जातं. कोणत्या रकान्यात काय लिहिलं म्हणजे साहेब कागद परत पाठवत नाहीत, हे सांगायचेच मी पैसे घेतो. त्याच मला एका रकान्यानं ऑगस्टात चार दिवस फिरवलं. 'पशुपालकाचे नाव' असं त्या रकान्याचं नाव.

१८ ऑगस्ट २०२५, सोमवार. पावसाची झड लागली होती. दुकानाशेजारी रसवंतीचा गाडा आहे, पावसाळाभर तो ताडपत्री बांधून उभा असतो. सकाळी शटर उघडताना आधी वास आला. वाटलं घूस मेली. वाकून बघतो तर गाड्याखाली तांबडं कुत्रं, मान वाकडी करून बसलेलं. डाव्या कानामागं रुपयाएवढं भोक पडलेलं आणि त्यात तांदळाच्या कण्या हलाव्यात तशी पांढरी वळवळ. "किडे पडलेत त्याला," चहावाले मामा म्हणाले, "आता आतून पोखरतील बघा."

मी तसा कुत्र्यामांजरात रमणारा माणूस नाही. पण दिवसभर तो वास नाकाशी आणि ते डोळे समोर, अन् आपण रिकाम्या हातानं उत्पन्नाचे दाखले काढत बसायचं, हे जमेना. दुपारी खिशातली दस्ती काढून जखम बघायला हात घातला आणि तिथंच चुकलो. आधी तोंड बांधायला पाहिजे होतं. लांब कापडाचा फास नाकावरून एकदा, हनुवटीखालून एकदा, मग कानामागं गाठ. दुखणारं जनावर आपलं-परकं बघत नसतं. अंगठ्याला दात लागला. रक्त आलं नाही, नुसता ओरखडा. तरी नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुतला, घड्याळ लावून, आणि सरकारी दवाखान्यात गेलो. तिथं कुणी काही खळखळ केली नाही. लगेच सुई टोचली. पुढच्या तारखा तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस. 'घरी हळद लावतो' म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. रेबीज एकदा उठला की माणूस हाती लागत नाही.

आणि कुत्र्याच्या तोंडातून लाळ गळत असेल, आवाज बदललेला असेल, मागचे पाय ओढत चालत असेल तर जवळ जाऊच नका. तिथं लांबून लोकांना सावध करायचं आणि फोन करायचा. माझ्यावाल्याचं तसं काही नव्हतं. पाणी ठेवलं तर घटाघटा प्यालं.

आता त्या रकान्याकडे येतो.

मंगळवारी भाजीवाल्याकडून टमाट्याचं रिकामं कॅरेट आणलं, खाली पोतं अंथरलं, कुत्रं त्यात बसवलं. तीन ऑटोवाल्यांनी वास घेऊन मान हलवली. चौथा अर्ज टायपायला माझ्याकडं येणारा होता, त्याची उधारी होती, तो तयार झाला. ढोराच्या दवाखान्यात पोचलो. साहेब लसीकरणाच्या फिरतीवर. खिडकीपाशी रजिस्टर घेऊन एक भले गृहस्थ बसलेले.

"काय आणलंय?"

"कुत्रं. कानामागं अळ्या पडल्यात."

"पशुपालक कोण?"

"कोणी नाही. रस्त्यावरचं आहे."

"मग केस पेपर कुणाच्या नावानं काढू?"

"बेवारस लिहा."

त्यांनी पेन ठेवला. "बेवारस लिहिलं तर ते नगर परिषदेचं झालं. त्यांचं पत्र आणा." थोडं थांबून म्हणाले, "नाहीतर तुमचं नाव टाकू का?"

इथं मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण लिहिणारच. मी म्हणालो, "माझं टाकू नका." रोज दहा जणांना मी सांगत असतो की ज्याची सही त्याची जबाबदारी, कागदावर नाव देताना दहादा विचार करा. उद्या हे कुत्रं शाळेच्या पोराला चावलं तर? पशुपालक म्हणून माझं नाव, माझा मोबाईल नंबर, सगळं रजिस्टरला. आपला धंदाच आपल्या अंगात भिनलेला असतो. कॅरेट उचललं आणि परत आलो.

बुधवारी नगर परिषद. स्वच्छता विभागात विचारलं तर तिथले साहेब म्हणाले, "आमच्याकडं मेलेलं जनावर उचलायची गाडी आहे. मेल्यावर फोन करा, तासात येते."

"अजून जिवंत आहे."

"मग अर्ज द्या."

अर्ज! मला हुरूपच आला. दुकानात जाऊन असा झकास अर्ज टाइप केला की बस्स. 'विषय : बेवारस जखमी श्वानावर उपचारासाठी पत्र मिळणेबाबत.' संदर्भात प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम १९६० आणि प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३, दोन्ही घातले. 'आपला विश्वासू' ठळक अक्षरात. घेऊन गेलो तर आवक-जावकच्या बाई जेवायला गेलेल्या. पाऊण तासानं आल्या आणि म्हणाल्या, "दुसरी प्रत कुठंय? आणि आधारची झेरॉक्स?"

झेरॉक्सवाल्याला झेरॉक्स मागितली. भर पावसात मी दुकानात परत गेलो, माझ्याच मशीनवर माझंच आधार कार्ड ठेवलं आणि बटण दाबलं. चहावाले मामा बघून हसत होते.

आवक नंबर पडला. पण मुख्याधिकारी मीटिंगला. वाट बघत बसलो तर मघाचेच स्वच्छतावाले साहेब शेजारी येऊन बसले. "ते टीव्हीवर बघितलं नाही का, सुप्रीम कोर्टानं सगळी कुत्री उचलायला लावलीत?" मी म्हणालो, ११ तारखेचा तो आदेश दिल्ली अन् आजूबाजूच्या शहरांपुरता आहे. ते म्हणाले, "मग दिल्लीलाच न्या की हे." ऑफिसात सगळे हसले. मीही हसलो, काय करणार. (पुढं २२ ऑगस्टला, ऐन पोळ्याच्या दिवशी, कोर्टानं तो आदेश बदलला. नसबंदी, लस आणि जंताचं औषध देऊन कुत्रं जिथून उचललं तिथंच सोडायचं. फक्त रेबीजचं किंवा रेबीजच्या संशयातलं आणि अंगावर येणारं सोडायचं नाही. नोव्हेंबरात पुन्हा शाळा, दवाखाने, बसस्टँड असल्या जागांवरची कुत्री उचलून परत तिथं सोडू नका असं म्हटलं. म्हणून सांगतो, कुत्रं नेमकं कुठं सापडलं ते पहिल्याच दिवशी तारखेसकट लिहून ठेवा, फोटो काढा. ट्रॅक्टरमध्ये घालून लांब शेतात सोडून येणं हे नियमात २००१ सालापासूनच बसत नाही.)

पत्र त्या दिवशी मिळालं नाही.

ती रात्र मात्र आठवते. कुत्रं दुकानाच्या मागच्या वऱ्हांड्यात कॅरेटमध्ये. डोकं झटकायचं आणि अळ्या फरशीवर टपटप पडायच्या, टॉर्च मारली की दिसायच्या. फेरफाराच्या कामाला आलेले एक धनगर बाबा संध्याकाळी पावसात अडकले होते. त्यांनी बघितलं, काही न बोलता तलाठी ऑफिसमागच्या सीताफळाचा पाला खुडून आणला, दगडावर वाटला आणि चोथा जखमेत दाबून वर कापड बांधलं. अर्ध्या तासानं कापड सोडलं तर निम्म्या बाहेर. सीताफळाच्या बियांची पूड मात्र कधी वापरू नका, डोळ्यात उडाली तर डोळा जातो. डांबराच्या गोळ्या, फिनेल, पेट्रोल असलं ओतायला सांगणारेही आले होते. त्यानं अळ्या मरतात आणि कुत्रंही जातं. आपल्या अंगदुखीच्या गोळ्याही द्यायच्या नाहीत, कुत्र्याच्या पोटात त्या रक्त पाडतात.

खायला ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून दिली. त्या वरणात कांदा नव्हता, कांदा कुत्र्याला चालत नाही. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, घरात योगायोगानं साधं वरण होतं.

गुरुवारी, खांदेमळणीच्या दिवशी, पत्र हातात पडलं. चार ओळी. 'उपरोक्त विषयान्वये, आपल्या स्तरावर उचित कार्यवाही करावी.' जावक नंबर, गोल शिक्का, शाई अजून ओली. अशी पत्रं मी हजारो टाइप केलीत. त्यात काही नसतं हे मला चांगलं ठाऊक, तरी प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरून नेलं.

दवाखान्यात पोळ्याच्या आदल्या दिवसाची गर्दी. खोड्यात एक बैल, बाहेर पाच उभे, कुणाचं शिंग मोडलेलं, कुणाच्या खांद्याला गाठ. साहेब आज हजर होते. मी पत्र पुढं केलं. त्यांनी ते बघितलंसुद्धा नाही.

"हे कशाला? कुत्रं कुठंय?"

"ते पशुपालकाच्या रकान्यात..."

"आणलं कोणी?"

"मी."

"मग तुमचं नाव लिहा आणि पुढं कंसात 'आणणारा' लिहा. एवढ्यासाठी कुठं फिरला?"

एका शब्दाचं काम होतं. 'आणणारा'. मंगळवारी त्या गृहस्थांना सुचलं नाही ते जाऊ द्या, मला का सुचू नये? 'करिता', 'वतीने', 'अर्जदार' असले शब्द मी दिवसाला शंभर वेळा टाइप करतो. दोन दिवस त्या जनावराच्या मानेत किडे वाढत राहिले आणि मी पत्राचा विषय ठळक करत बसलो होतो. खिडकीतल्या गृहस्थांवरचा माझा राग खरा आहे, पण त्यातला निम्मा माझ्याकडंच वळतो.

पुढचं वीस मिनिटांत झालं. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला कापूस जखमेत, थोडी वाट, मग चिमट्यानं एकेक. मी साठपर्यंत मोजलं आणि मान फिरवली. जखम धुतली, मलम, माशा बसू नयेत म्हणून वर चंदेरी फवारा, दोन इंजेक्शनं. दुसरा कान बघून साहेब म्हणाले, कापलेला नाही, म्हणजे नसबंदी झालेली नाही. ज्या भटक्या कुत्र्याच्या कानाचं टोक व्ही आकारात छाटलेलं असतं त्याची झालेली असते. हे मी बावन्न वर्षांत कधी नीट बघितलं नव्हतं, आता दिसेल त्या कुत्र्याचा आधी कान बघतो. रेबीजची लस जखम भरल्यावर देऊ म्हणाले.

खाजवू नये म्हणून गळ्यात घालायची टोपली दवाखान्यात नव्हती. झेरॉक्सच्या रिमच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, स्टेपलर मारून मी नरसाळं बनवलं. कुत्र्याच्या गळ्यात उलट्या अक्षरांत 'ए-फोर, ७५ जीएसएम' असं आठ दिवस फिरत होतं.

सुचेल तसं आणखी. गळ्यात पट्टा असेल, नखं कापलेली असतील तर ते हरवलेलं पाळीव असू शकतं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फोटो टाका, पण एक खूण सांगू नका, मालक म्हणून येणाऱ्याला ती विचारा. कुत्री असेल आणि आचळ भरलेले असतील तर आसपास पिल्लं शोधा, नुसती तिला उचलून नेऊ नका. हाड मोडलेलं असेल तर तालुक्याला वेळ घालवू नका. परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, जे जवळ पडेल ते गाठा. आणि १९६२ हा जनावरांच्या उपचारासाठीचा टोल फ्री नंबर आहे. माझ्या दुकानात भिंतीवर त्याचं पत्रक चिकटवलेलं होतं, दुसऱ्यांसाठी. मला तो चौथ्या दिवशी, सगळं उरकल्यावर दिसला.

जखम तीन आठवड्यांत भरली. कुत्रं परत रसवंतीच्या गाड्याखाली गेलं, तिथलंच ते. चहावाल्या मामांनी त्याचं नाव लाल्या ठेवलंय. मी काही नाव ठेवलेलं नाही.

२७ सप्टेंबरला दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज ओळखीचा वाटला, खिडकीतले तेच गृहस्थ. उद्या जागतिक रेबीज दिन, दवाखान्यात मोफत लसीकरण, रजिस्टरवरून सगळ्यांना कळवतोय म्हणाले. मग कागद चाळल्याचा आवाज आला.

"पशुपालकच बोलताय ना?"

"हो, बोलतोय," म्हणालो, आणि कॅरेट कुठं ठेवलंय ते शोधायला मागच्या वऱ्हांड्यात गेलो.