दोन म्हणून आणले, निघाले एकाच जातीचे

जूनमध्ये कुरणात जाळी फिरवली आणि दोन जातींचे किडे मिळाले, असं वहीत लिहून मी मोकळी झाले. एक सडपातळ, नारिंगी-काळा, पंख थेट पोटाच्या पलीकडे जाणारे. दुसरा पिवळसर, पोट फुगलेलं, पंख जेमतेम अर्ध्यावर. हा दुसरा म्हणजे पिल्लूच, यात मला शंकाच नव्हती.

मग भिंग घेऊन बसले. डोक्याखाली दुमडलेली सोंड म्हणजे अर्धपंखी गण (ढेकूण, मावा यांचा गट), इथवर सोपं होतं. पुढचा प्रश्न: दोन मोठ्या डोळ्यांच्या मध्ये साधे डोळे, म्हणजे ठिपक्याएवढे जादाचे डोळे, आहेत का? अर्धा तास किडा उलटसुलट करून शोधले. नव्हतेच! मिरिडी या वनस्पतींवरच्या ढेकणांच्या कुळात ते बहुधा नसतात, म्हणजे 'नाहीत' हेच उत्तर होतं. पंखाच्या कडेला पाचरीसारखा तुकडाही दिसला, ही त्याच कुळाची खूण. पण या कुळात 11,000 हून जास्त जाती. शेवटी मिशांचा जाड, केसाळ पहिला भाग आणि गवतावरचा मुक्काम यांनी लेप्टोप्टेर्ना डोलाब्राटा या जातीपर्यंत नेलं.

आणि 'पिल्लू'? सुईच्या टोकाने पंख हलकेच उचलून पाहिला, तर तो बिजागरीसारखा वर आला. पिल्लाच्या पंखांचे कोंब असे सुटे होत नाहीत. पोटाखाली अंडी घालायची तलवारीसारखी नळी. ही पूर्ण वाढलेली मादी होती! या जातीत नर लांब पंखांचे, माद्या बहुतेक आखूड पंखांच्या. वहीतली नोंद खोडली; पेनाची रेघ जरा जोरातच ओढली गेली.

गंमत म्हणजे सजीवांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये या जातीला सायमेक्स या वंशात घातलं होतं, आपल्या खाटेतल्या ढेकणाच्याच. लेप्टोप्टेर्ना हा वेगळा वंश कीटकशास्त्रज्ञ फीबरने 1858 मध्ये केला. म्हणून हिला नुसतं 'ढेकूण' म्हणणारेही अगदीच चुकत नाहीत. फक्त ही रक्त नाही, गवताचा रस पिते. टिमोथी गवत हिच्या आवडीचं.

ऑगस्टमध्ये पुन्हा गेले, तर जाळीत एकही नाही. वर्षाला एकच पिढी. एक वाळकी काडी उभी चिरली. आत फिकट, किंचित वाकडी अंडी, वसंतापर्यंत तिथेच राहणारी. काडीचे दोन्ही भाग पुन्हा जुळवून दोऱ्याने बांधले आणि होती तिथेच खोचून आले.