अधिकचं चिन्ह

मंगळवार, रात्री उशिरा

कोडच्या चाळीसएक ओळी गेल्या. फार नाहीत. घणसोलीहून ठाण्याला पोहोचेपर्यंत लोकलमध्ये मनातल्या मनात परत लिहूनही झाल्या. टोचतंय ते ओळींचं नाही. विमने, म्हणजे मी ज्यात कोड लिहितो त्या एडिटरने, विचारलं का नाही, याचं.

पूर्वी विचारायचा. एका फाइलमध्ये बदल करून सेव्ह न करता दुसरी उघडायला गेलं की ई३७ ही एरर, वाटच अडवायचा. कटकट नको म्हणून मीच कॉन्फिगमध्ये सेट हिडन टाकलं. (विमवरूनच निघालेल्या निओविममध्ये ०.६ आवृत्तीपासून ते मुळातच चालू असतं. तिथे निदान दुसऱ्यावर ढकलता आलं असतं.) आता दुसरी फाइल उघडली की जुना बफर (उघडलेल्या फाइलची कामचलाऊ प्रत) मेमरीत मागे बसून राहतो, बदलांसकट. मूळ फाइल डिस्कवर होती तशीच. एलएस (बफरांची यादी) दिलं तर त्याच्यापुढे एच (लपलेला) आणि अधिकचं चिन्ह (सेव्ह न केलेले बदल) दिसतं. पण एलएस देतंय कोण!

दादाला कळलं तर... जाऊ दे.

विचारलं का नाही? विचारलं असतं की. नुसतं क्यूए (सगळं बंद कर) दिलं असतं तर ई१६२ आला असता, फाइलच्या नावासकट. शेवटच्या खिडकीत क्यू-उद्गारचिन्ह (न विचारता बंद कर) दिलं तरी तो समोरचा बफर टाकतो आणि मागे लपलेला पुढ्यात आणून ठेवतो. माझं बोट मात्र सवयीने क्यूए-उद्गारचिन्हावर. ते सगळ्यांनाच बुडवतं. स्वॅप फाइल असते ना? असते, २०० अक्षरं टाइप झाली किंवा ४ सेकंद हात थांबला की लिहिली जाते. पण ती क्रॅशसाठी, लाइट गेल्यासाठी. रीतसर बाहेर पडलं की पुसली जाते, आणि उद्गारचिन्ह लावून पडणं हेही रीतसरच.

मग ऑटोराइट? बफर बदलताना (हिडन नसेल तर), मेक (कोड बिल्ड करायची आज्ञा) चालवताना आपणहून सेव्ह करतं. ई देऊन दुसरी फाइल उघडताना किंवा बाहेर पडताना नाही, त्याला ऑटोराइटऑल लागतं. शिवाय अर्धवट कोड सेव्ह झाला की मागे चालू असलेला टेस्टचा वॉचर (फाइल सेव्ह झाली की टेस्ट चालवणारा) बोंबलायला लागतो. नकोच.

शेवटी सेट कन्फर्म लावलं. हिडन आहे तसंच. आता क्यूए दिलं की अडवत नाही, सरळ विचारतो: ही सेव्ह करू, नको, सगळ्या करू, सगळ्या टाकून देऊ, की राहू दे? चौथ्यासाठी डी दाबायचं.

कन्फर्म चालतंय का बघायला मघाशी दोन फाइलींत उगाच एकेक अक्षर टाकलं, क्यूए दिलं. प्रश्न आला. वाचायच्या आधीच डी दाबून मोकळा.