माझा अनुभव: कर्नलमधला कोड बदलला की डॉक्युमेंटेशन सोबत कसं न्यायचं

शेतात सोयाबीन उभं आणि सातबाऱ्यावर नोंद कापसाची, असं झालं की काय होतं ते मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. विम्याच्या वेळी पीक नाही, कागद बोलतो. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, फंक्शनच्या डोक्यावरची टिप्पणी (ते काय करतं हे माणसांसाठी सांगणारा मजकूर) हा तसाच कागद आहे. कंपायलर ती वाचत नाही, त्यामुळे ती कितीही जुनी झाली तरी बिल्ड अडत नाही. अडतो तो माणूस, जो ती खरी मानून पुढचा कोड लिहितो. हवेतली आर्द्रता मोजणाऱ्या सेन्सरच्या ड्रायव्हरमध्ये एक छोटा बदल लातूरहून पाठवताना हे काम पहिल्यापासून शेवटपर्यंत करावं लागलं. ज्यांना असा पॅच, म्हणजे बदलांचा संच, पाठवायचा आहे त्यांच्यासाठी ते लिहितो.

आधी सोर्स हाताशी हवा, आणि तोही पूर्ण इतिहासासकट. 'डेप्थ 1' लावून घेतलेली अर्धवट प्रत इथे उपयोगाची नाही, कारण टिप्पणी आणि कोड नेमके कोणत्या कमिटला (इतिहासात नोंदवलेल्या बदलाला) वेगळे झाले हे इतिहासाशिवाय कळत नाही. पूर्ण क्लोन, म्हणजे प्रत, काही जीबींचा असतो, आणि मध्येच लाइट गेली की गिट (इतिहास सांभाळणारं अवजार) पहिल्यापासून सुरू करतं. यावर उपाय आहे. कर्नल डॉट ऑर्गवर सगळा इतिहास एकत्र असलेली बंडल फाइल मिळते. ती 'डब्ल्यूगेट -सी' ने उतरवली की तुटलेलं डाउनलोड जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं. मग त्या फाइलवरून क्लोन करायचं, रिमोटचा पत्ता खऱ्या झाडाकडे (मूळ सोर्सकडे) वळवायचा आणि राहिलेलं 'गिट फेच' ने आणायचं.

आता बदल. ड्रायव्हरमध्ये सेन्सरचं मोजमाप पूर्ण होईपर्यंत थांबणारं एक फंक्शन होतं. ते 'एमडिले' च्या लूपमध्ये सीपीयू अडवून बसायचं. त्याजागी 'रीड_पोल_टाइमआउट' हा मॅक्रो घातला. हा मॅक्रो मधल्या वेळात झोपतो, सीपीयू मोकळा सोडतो आणि वेळ मायक्रोसेकंदात घेतो. कोडमध्ये पाच-सहा ओळींचाच फरक पडला.

टिप्पणीचं यांत्रिक अंग आधी उरकतो. कर्नल-डॉकची, म्हणजे ज्यातून डॉक्युमेंटेशन तयार होतं त्या ठरावीक साच्याची, टिप्पणी `/**` ने सुरू होते. पहिल्या ओळीत फंक्शनचं नाव आणि एका वाक्यात काम, मग प्रत्येक पॅरामीटरसाठी '@' लावून एक ओळ, मग वर्णन आणि 'रिटर्न' चा भाग. तपासणीसाठी फक्त त्या एका फाइलची ऑब्जेक्ट फाइल 'मेक डब्ल्यू=1' ने बांधायची. पॅरामीटर वाढवला आणि त्याची ओळ लिहिली नाही, तर 'वर्णन नाही' असा इशारा येतो. पॅरामीटर काढला आणि ओळ राहिली, तर 'जादा वर्णन' असा. तिसरा इशारा नव्या माणसाला चक्रावून टाकतो: अमुक फंक्शन अपेक्षित होतं, सापडलं तमुक. बहुतेक वेळा कारण साधं असतं. टिप्पणी आणि तिचं फंक्शन यांच्या मधल्या जागेत कुणीतरी नवं मदतनीस फंक्शन घुसवलेलं असतं. ते उचलून टिप्पणीच्या वर नेलं की झालं. एक लक्षात ठेवा, 'डब्ल्यू=1' फक्त कंपाइल होणाऱ्या सी फाइलींच्या टिप्पण्या बघतो. हेडरमधल्या (दुसऱ्या फाइलींत जोडल्या जाणाऱ्या फाइलींतल्या) टिप्पण्यांवर कर्नल-डॉकची स्क्रिप्ट '-नन' देऊन हाताने चालवावी लागते. ही स्क्रिप्ट बरीच वर्षं पर्लमध्ये होती, 2025 मध्ये ती पायथॉनमध्ये आली. अलीकडच्या झाडात डॉक्युमेंटेशनची अवजारं 'टूल्स/डॉक्स' मध्ये हलवली आहेत, म्हणून जुन्या लेखातला 'स्क्रिप्ट्स' चा मार्ग चालला नाही तर तिथे बघा.

खरी मेहनत यानंतर आहे. वरच्या सगळ्या तपासण्या फक्त नावं जुळवतात, अर्थ जुळवत नाहीत.

माझ्या फंक्शनच्या पॅरामीटरचं नाव नुसतं 'टाइमआउट' होतं. आत मिलिसेकंदाचं मायक्रोसेकंद झालं, नाव तेच राहिलं, टिप्पणीत 'मिलिसेकंदात' तसंच राहिलं. एकही इशारा आला नाही. आता कुणी टिप्पणी वाचून 50 पाठवलं तर तो समजेल 50 मिलिसेकंद आणि कोड थांबेल 50 मायक्रोसेकंद. मोजमापाला काही मिलिसेकंद घेणारा सेन्सर मग प्रत्येक वेळी वेळ संपल्याची चूक देणार, आणि तो बिचारा वायरिंग तपासत बसणार. म्हणून एकक पॅरामीटरच्या नावातच घातलं, शेवटी 'यूएस' लावून. आता जुन्या टिप्पणीशी नाव जुळत नाही, म्हणजे चूक राहिली तर अवजारालाही दिसते. नाव बदलण्याचा हा फायदा मला फार मोठा वाटतो. जिथे जमेल तिथे अर्थ नावात आणावा.

परत येणारी किंमतही बदलली होती. पूर्वी वेळ संपली की 'ईआयओ', म्हणजे -5 यायचं. नवा मॅक्रो 'ईटाइमडआउट', म्हणजे -110 देतो. -5 बघून पुन्हा प्रयत्न करणारा कॉलर, म्हणजे हे फंक्शन बोलावणारा कोड, कुठे आहे का, हे शोधावं लागतं. 'रिटर्न' च्या भागात किमती एकाखाली एक नुसत्या लिहिल्या तर एचटीएमएलमध्ये त्या एकाच ओळीत चिकटतात, म्हणून प्रत्येकीपुढे तारका देऊन यादी करावी. आणि सर्वांत धोक्याचं म्हणजे 'कॉन्टेक्स्ट', फंक्शन कोणत्या परिस्थितीत बोलवायचं ते. जुनं फंक्शन झोपत नव्हतं, नवं झोपतं. स्पिनलॉक (ज्या कुलपात झोपायला मनाई असते) धरून ते बोलावणं आता चूक आहे. 'झोपू शकतं, प्रोसेस कॉन्टेक्स्टमधूनच बोलवा' ही एक ओळ टिप्पणीत नसेल तर वाचणाऱ्याला ते कळायला मार्ग नाही. 'डीबग_ॲटॉमिक_स्लीप' चालू ठेवलेल्या कर्नलवर अशी चूक लॉगमध्ये लगेच दिसते, म्हणून चाचणी त्याच कॉन्फिगवर करावी. एकक, परतीची किंमत, झोपणं आणि लॉक, मेमरी कुणी सोडायची: डिफ शेजारी ठेवून एवढं डोळ्यांनीच ताडून बघावं लागतं.

मग जुन्या नावाचा माग. 'गिट ग्रेप' पूर्ण झाडावर चालवा, नुसत्या 'डॉक्युमेंटेशन' फोल्डरवर नाही. के-कॉन्फिगची (कर्नलच्या पर्यायांच्या फाइलींची) मदत, कोणता भाग कोण सांभाळतं ते सांगणारी मेंटेनर्स फाइल, दुसऱ्याच ड्रायव्हरची टिप्पणी, कुठेही ते नाव निघतं. फाइल हलवली असेल तर 'मेक रेफचेकडॉक्स' तुटलेले मार्ग दाखवतो. 2023 मध्ये आर्किटेक्चरची डॉक्युमेंटेशनं 'डॉक्युमेंटेशन/आर्च' खाली नेली, तेव्हाचे जुने मार्ग अजून बाहेरच्या लेखांत भेटतात. ते तसेच उतरवून घेऊ नका.

सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो तिथे, नवी फाइल दिसणार असेल तर 'डॉक्युमेंटेशन/एबीआय/टेस्टिंग' मध्ये नोंद हवी: काय, तारीख, कर्नल आवृत्ती, संपर्क, वर्णन. आयआयओमध्ये (सेन्सरच्या ड्रायव्हरांचा कर्नलमधला विभाग) सापेक्ष आर्द्रतेसारख्या सामान्य फाइलींची नोंद सामाईक दस्तऐवजात आधीच आहे, एकक मिलि-टक्के. तीच नोंद आपल्या ड्रायव्हरच्या नावाने परत केली तर ती दोनदा केल्याचा इशारा येतो. ड्रायव्हर चालू असलेल्या बोर्डवर एबीआयची स्क्रिप्ट 'अनडिफाइंड' देऊन चालवली की नोंद नसलेल्या फाइली बाहेर येतात.

एचटीएमएलची पाळी शेवटी. कर्नल 2016 पासून, म्हणजे आवृत्ती 4.8 पासून, डॉक्युमेंटेशनची पानं बांधायला स्फिंक्स हे अवजार वापरतो. पूर्ण 'मेक एचटीएमएलडॉक्स' ला साध्या लॅपटॉपवर बराच वेळ लागतो, तेव्हा 'स्फिंक्सडिर्स=आयआयओ' देऊन तेवढंच बांधा. त्यात बाहेरच्या पानांचे दुवे सापडत नाहीत म्हणून काही खोटे इशारे येतात, त्यासाठी इन्व्हर्टरच्या भरवशावर न बसता लाइट पक्की असताना एकदा पूर्ण बिल्ड करायचं. आणि स्फिंक्स न बदललेली पानं पुन्हा वाचत नाही, म्हणून दुसऱ्या वेळी इशारे गायब झाले तरी ते मिटले असं समजू नका. 'मेक क्लीनडॉक्स' करून बदलाआधीचा आणि नंतरचा इशाऱ्यांचा लॉग वेगळ्या फाइलींत घ्या आणि दोन्हींचा डिफ बघा. आपल्या नावावर येणारे इशारे तेवढेच.

टिप्पणीचा बदल कोडच्याच पॅचमध्ये हवा, यावर मी ठाम आहे. कारण स्टेबल शाखांचं, म्हणजे फक्त दुरुस्त्या मिळणाऱ्या जुन्या आवृत्त्यांचं, आहे. तिथे दुरुस्तीचा पॅच उचलला जातो. मागून पाठवलेला, नुसती टिप्पणी सुधारणारा पॅच सहसा उचलला जात नाही. मग त्या शाखेत नवा कोड आणि जुना कागद वर्षानुवर्षं शेजारी राहतात. अपवाद डिव्हाइस-ट्री बाइंडिंगचा, म्हणजे हार्डवेअरचं वर्णन कसं लिहायचं त्या नियमांचा. त्याची याम्ल फाइल स्वतंत्र पॅच म्हणून, मालिकेत ड्रायव्हरच्या आधी जाते, आणि 'मेक डीटी_बाइंडिंग_चेक' पार करूनच.

आधीच मागे पडलेली टिप्पणी दुरुस्त करत असाल तर 'गिट लॉग -एल' ने त्या फंक्शनचा इतिहास काढा, कोड पुढे गेला तो कमिट शोधा आणि त्याच्या हॅशची किमान 12 अक्षरं 'फिक्सेस' टॅगमध्ये द्या. तपासणाऱ्याचं निम्मं काम तिथेच होतं. पाठवण्याआधी पॅचची मांडणी तपासणारं 'चेकपॅच', मग 'गेट_मेंटेनर' ने निघालेल्या पत्त्यांवर 'गिट सेंड-ईमेल', साध्या मजकुरात. मर्ज विंडोचे (नवे बदल मुख्य झाडात घेण्याचे) दोन आठवडे टाळून आरसी-1, म्हणजे त्यानंतरची पहिली चाचणी आवृत्ती, आल्यावर पाठवलं तर बरं, आणि उत्तर आलं नाही तर किमान एक आठवडा थांबून मगच आठवण करा.