बाबांची वही आणि पश्चिमेची भिंत

कपाट आवरताना आईला बाबांची लांबट वही सापडली. बाबा चंद्रपूरला भूमिगत खाणीत होते. मे महिन्यात दुसरी पाळी लागली की खुशीत असायचे. ‘खाली गार असते, वरच मरण आहे,’ म्हणायचे. घरी आले की चहाआधी थर्मामीटर बघून आकडा वहीत टिपायचा, हा नेम.

मला वाटलं, खजिनाच मिळाला! आता दाखवतेच, कोळशानं आमचं गाव किती तापवलं ते. पानं उलटत गेले तर एका वर्षी पारा चक्क उतरलेला, आणि पुढं तसाच. आईला विचारलं. ती म्हणाली, ‘अगं, तेव्हा क्वार्टर बदललं ना आपण.’ जुन्या घरी थर्मामीटर पश्चिमेच्या भिंतीला होतं, दुपारभर ती भिंत तापायची. नव्या घरी ते कडुनिंबाखाली आलं. म्हणजे वहीतला उतार हवेचा नव्हता, आमच्या सामानाचा होता.

वेधशाळेत म्हणूनच थर्मामीटर झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर ठेवतात. पेटी हलली की जुन्या-नव्या आकड्यांची तुलना जपूनच करावी लागते. पेपरात ‘सरासरीपेक्षा जास्त’ छापून येतं, त्यातली सरासरीही हलते. आधी ती १९८१ ते २०१० या वर्षांची होती, आता १९९१ ते २०२० ची आहे. तापलेली वर्षं सरासरीतच मिसळली, की आजचा उन्हाळा कागदावर जरा सौम्य दिसतो. ४५ अंश झाले की मात्र सरासरी बघावी लागत नाही, ती उष्णतेची लाटच.

भारताचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशानं वाढलं. हा आकडा चंद्रपूरचा नव्हे, देशाचा. चंद्रपूर आधीपासूनच तापट: समुद्र लांब, उंची कमी, वरून उत्तर-पश्चिमेचा कोरडा वारा. खुल्या खाणीसाठी झाडं गेली, काळा कोळसा आणि मातीचे डोंगर उघडे पडले, तिथली जमीन तापते हे खरं. पण जाळलेल्या कोळशाचा कार्बन डायऑक्साइड आमच्याच डोक्यावर थांबत नाही, जगभर पसरतो. ‘खदानीमुळे ऊन वाढलं’ हे वाक्य मीही लहानपणापासून ऐकलंय. आता ते इतक्या सहज म्हणवत नाही.

वहीत विश्वास ठेवावा असं जे आहे, ते समासात आहे. ‘कूलर काढला.’ ‘अंगणात झोपलो, पहाटे चादर घेतली.’ मे महिन्यात चादर! यंदा मी रात्री अकराला गच्चीवर गेले तर टाकीचा नळ हाताला चटका देत होता. दुपारचा पारा सगळेच सांगतात, मला आता पहाटेचा हवाय. थर्मामीटर उत्तरेच्या बाजूला टांगलंय. आई म्हणते, उरलेल्या पानांवर तिला दुधाचा हिशोब लिहायचाय.