रोग (Rogue) क्लाससाठी एक्सपर्टीज निवडताना: माझा अनुभव

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन फाशांवर खेळायचा खेळ. त्याच्या पाचव्या आवृत्तीत, २०१४च्या नियमांप्रमाणे, रोग क्लासला (क्लास म्हणजे पात्राचा पेशा, रोग म्हणजे चोरटा) पहिल्याच लेव्हलला दोन ठिकाणी ‘एक्सपर्टीज’, म्हणजे खास प्रावीण्य, मिळते. तिथे प्रोफिशियन्सी बोनस, म्हणजे शिकलेल्या कामासाठी फाशाच्या आकड्यात मिळवायची भर, दुप्पट धरायचा. कुलुपं, सापळे, लपतछपत फिरणं यात मुरलेला हा क्लास मला पहिल्यापासून आवडतो. पण शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर, बाकी सगळं भरून झालं तरी या दोन जागा बराच काळ कोऱ्या होत्या.

पुस्तकं आपल्याकडे महाग पडतात. नियमांचा गाभा मात्र, एसआरडी ५.१, जानेवारी २०२३पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतो आणि त्यात रोग क्लास आहे. मी त्यावरच काम केलं.

आधी आकडेमोड. माझी रोग माणूस जमातीची, डेक्स्टेरिटी (चपळाई) १६, म्हणजे फाशाच्या आकड्यात +३. विस्डम (जाण) १४, म्हणजे +२. पहिल्या लेव्हलचा प्रोफिशियन्सी बोनस +२. साध्या कुलपाचा डीसी, म्हणजे फासा आणि भर मिळून गाठायचा आकडा, १५ असतो. नुसती प्रोफिशियन्सी असेल तर माझे +५, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १० किंवा जास्त हवेत: ५५ टक्के. एक्सपर्टीज घेतली की +७, आणि ६५ टक्के. सुरुवातीला फरक एवढाच, दहा टक्क्यांचा! हे पाहून अनेकजण एक्सपर्टीज हलक्यात घेतात. मला ते पटत नाही. प्रोफिशियन्सी बोनस सतराव्या लेव्हलला +६ होतो, म्हणजे तिथे हाच फरक सहाचा झालेला असतो. निवड पहिल्या दिवशी करायची आणि तिचं फळ वर्षभर खेळल्यावर दिसतं.

आमची डीएम, म्हणजे खेळ चालवणारी, माझी शाळेपासूनची मैत्रीण. ती म्हणाली, “अगं, आधी सगळ्यांची शीटं बघ, मग लिही.” मी पाहिली आणि विचारच बदलला. तोवर स्टेल्थ, म्हणजे लपतछपत फिरणं, नक्की धरली होती. पण आमचा फायटर (लढवय्या) साखळीचं चिलखत घालतो. ते अंगावर असलं की स्टेल्थला दोन फासे टाकून लहान आकडा घ्यावा लागतो. क्लेरिकचंही (पुजारी) तेच. अशा टोळीत मी एकटी कितीही निःशब्द चालले तरी उपयोग काय? मी पुढे जाऊन टेहळणी करणार आणि बाकीचे तिघं टेबलाशी चहा पीत बसणार. एखाद्या वेळी ठीक आहे, दर आठवड्याला नको.

उलट चौघांत नजर ठेवणारं कोणी नव्हतं. परसेप्शनला, म्हणजे आसपासचं टिपण्याला, एक्सपर्टीज घेतली की विस्डमसकट माझे +६ आणि पॅसिव्ह परसेप्शन, म्हणजे आपोआप धरला जाणारा आकडा, १६. फासा न टाकताही दबा धरून बसलेले गॉब्लिन मला दिसण्याची शक्यता चांगली, आणि त्याचा फायदा चौघांनाही. पहिली जागा भरली.

दुसरी जागा थीव्ह्ज टूल्ससाठी, म्हणजे कुलूप उघडायच्या हत्यारांसाठी. त्यावर वाद झाला. आमचा विझर्ड (जादूगार) म्हणाला, तिसऱ्या लेव्हलला मला ‘नॉक’ मंत्र येईल, मग तू कुलपावर कशाला खर्च करतेस? मुद्दा चांगला होता, म्हणून मंत्र नीट वाचला. नॉकने कुलूप उघडतं खरं, पण त्याचा ठोका ३०० फुटांपर्यंत ऐकू जातो. शिवाय एक स्पेल स्लॉट, म्हणजे मोजक्या मंत्रांतली एक संधी, जातो. क्लेरिकचा ‘फाइंड ट्रॅप्स’ही तसाच: सापळा आहे हे कळतं, नेमका कुठे ते कळत नाही. सापळा शोधून तो हाताने निकामी करणारं माणूस टोळीला लागतंच. विझर्डने मान्य केलं आणि नॉकची जागा दुसऱ्या मंत्राला दिली. मला वाटतं, सगळ्या प्रक्रियेतला हा सर्वांत चांगला भाग होता. माझ्या निवडीने त्याची मंत्रांची वही बदलली.

डीएमने याच सुमारास जुने नियम दाखवले. १९७४च्या मूळ खेळात चोर (आताचा रोग) हा क्लासच नव्हता. तो १९७५च्या ग्रेहॉक पुरवणीत आला. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत चोराला आठ कौशल्यांत वाटायला ६० गुण मिळत, एकात जास्तीत जास्त ३०. कुलूप उघडण्याचा पाया १० टक्के. सगळा जोर तिथे लावला तरी, जमात आणि डेक्स्टेरिटीची भर सोडली तर, ४० टक्केच. त्या काळचा पहिल्या लेव्हलचा खास कुलूपवालासुद्धा दहातून सहा वेळा हात हलवत परत येणार. आताचे नियम नवशिक्याला जास्त जपतात, आणि मला ते योग्य वाटतं.

सहाव्या लेव्हलला आणखी दोन एक्सपर्टीज मिळाल्या. तेव्हा स्टेल्थ घेतली, आणि तिच्यासोबत इन्व्हेस्टिगेशन (तपास). अकराव्या लेव्हलला ‘रिलायबल टॅलेंट’ आलं: प्रोफिशियन्सी असलेल्या ठिकाणी फाशावर ९ किंवा कमी पडले तरी १० धरायचे. तोवर डेक्स्टेरिटी २० झालेली, म्हणजे +५, आणि दुप्पट बोनस +८. कुलपावर माझा सर्वांत वाईट निकाल २३! डीसी २०च्या, म्हणजे नियमांच्या भाषेत ‘कठीण’ कुलपाला डीएम आता फासा टाकायलाच सांगत नाही. ती विचारते, किती वेळात उघडतेस, आणि मागे कोण येतंय हे कोण बघतंय. दाराशी आता चौघांनाही काम असतं.

पुढच्या मोहिमेसाठी मी बार्ड (गायिका) घेतेय. तिला एक्सपर्टीज तिसऱ्या लेव्हलला मिळेल. पर्सुएशन (मन वळवणं) नक्की आहे. दुसरी जागा बाकीच्यांची शीटं हातात येईपर्यंत कोरी ठेवलीय.