फियाटची जाळी आणि माझे ३,८०० रुपये

वडिलांची १९७८ची प्रीमियर पद्मिनी अमळनेरला आमच्या ओट्यासमोर चार वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. धुळ्याच्या मिस्त्रींनी इंजिन सुरू करून दिलं, पण पुढची क्रोमची जाळी पार सडलेली. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी निघणं थांबलं त्याला वीस वर्षांवर झाली, सामान मिळणार कुठून? मग रात्री जेवण झालं की मोबाइलवर जुनं सामान शोधत बसायचो.

एकाने जाळीचा फोटो टाकला होता. "फौजेत आहे, बदली झाली, सामान काढतोय," म्हणाला. ओळखपत्राचा फोटोही पाठवला. आमच्या घरात दोन फौजी, त्यामुळे मी तिथेच विरघळलो. ३,८०० रुपये पाठवले. दुसऱ्या दिवशी म्हणे पार्सल गेटवर अडकलं, १,२०० भरा, परत मिळतील. मी नाही म्हटल्यावर लगेच नरमला: "बरं, रिफंड करतो, हा क्यूआर स्कॅन करा." स्कॅन केला तर मोबाइलने पिन मागितला. पैसे घ्यायला पिन कशाला लागतो? तिथे हात थांबला.

यानंतर मी मूर्खपणा केला. लाजेने दोन दिवस कुणाला बोललोच नाही. तिसऱ्या दिवशी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३०ला, फोन लावला. त्यांनी तारीख, बँक आणि यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा बारा आकडी नंबर विचारला, तक्रारीचा नंबर दिला. मग सायबर क्राइमच्या पोर्टलवर चॅटचे आणि पेमेंटचे स्क्रीनशॉट चढवले. समोरच्या खात्यात पैसे असतील तोवर ते गोठवता येतात. माझे तोवर पुढे सरकले होते. ते गेलेच.

मिस्त्रींना तो फोटो दाखवला. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी मोठा करून पाहिला आणि हसले. "भाऊ, ह्या माणूसनी फियाट दखेल बी नही." मागे बर्फ होता, आणि गाडी लेफ्ट हँड ड्राइव्ह! पद्मिनीचं मूळ इटलीच्या फियाट ११००मध्ये, तिकडचाच कुणाचा तरी फोटो उचललेला. गूगल लेन्सला टाकला असता तर मिनिटभरात कळलं असतं. मी फक्त क्रोमची चमक बघत बसलो होतो.

मग मिस्त्रींनीच एक फासा शिकवला. पुढच्या विक्रेत्याला विचारलं, "७८च्या पद्मिनीचा फ्लोअर गिअरचा दांडा मिळेल का?" आमच्या गाडीचा गिअर स्टिअरिंगखाली, तिला फ्लोअरचा दांडा नाहीच. "आहे ना सर, एकदम नवाकोरा, आज अॅडव्हान्स टाका." चॅट न पुसता त्याचाही नंबर कळवला, मग ब्लॉक.

तिसरा भुसावळचा, म्हातारा गॅरेजवाला. तोच प्रश्न ऐकून फोनवर खेकसला, "अठ्ठ्याहत्तरच्या गाडीला फ्लोअर गिअर? गाडी पाहिली आहे का कधी?" इतकी गोड शिवी मी आयुष्यात ऐकली नव्हती. व्हिडिओ कॉलवर जाळी उलटीसुलटी करून घेतली, सकाळच्या गाडीने भुसावळ गाठलं, हातात घेतल्यावर रोख दिले. येताना गोणपाटात गुंडाळून मांडीवर. एक कान तुटलेला निघाला. मिस्त्रींनी पत्र्याची पट्टी मारून बसवला.