दीडशे मिनिटं

सीबॅक फॉर्म, म्हणजे मधुमेह, कॅन्सर अशा आजारांचा धोका गुणांत मोजणारी प्रश्नावली, भरताना एका प्रश्नाला हमखास हशा पिकतो. 'आठवड्यातून किमान १५० मिनिटं शारीरिक हालचाल करता का?' त्या दिवशीही खुरपणीवरून थेट उपकेंद्रात आलेल्या बायका ओट्यावर बसल्या होत्या. एकजण म्हणाली, "मॅडम, दीडशे मिनिटं तर आमची पाणी भरण्यातच जात्यात!" आशाताई हसू दाबत त्या रकान्यात शून्य टाकत गेल्या. या फॉर्मात शून्य चांगलं.

त्या ३६ वर्षांच्या वहिनींनाही शून्यच. खाली 'स्तनात गाठ' विचारलं, तर सगळ्यांदेखत "न्हाई" म्हणाल्या. तीस ओलांडलेल्या प्रत्येकीची तपासणी करायचीच असते, म्हणून मी त्यांना पडद्याआड नेलं. मधली तीन बोटं गोल फिरवत काखेकडे सरकले आणि डाव्या बाजूला थांबले. बोराएवढी, टणक, ढकलली तरी जागची न हलणारी.

"ती व्हय? दिवाळीपासनं हाय. दुखत न्हाई की."

"मग मघाशी नाही का म्हणालात?"

"तुमीच महिला दिनाला म्हणला हुता, अंग हलवणाऱ्या बाईला कॅन्सर हुत न्हाई. मला वाटलं साधी गाठ आसंल."

म्हणाले होते खरी. 'रोज चाला, कॅन्सर टाळा.' टाळ्याही मिळाल्या होत्या.

रात्री वाचत बसले. पाळी न गेलेल्या स्त्रियांवर २०२४ साली एक मोठं विश्लेषण आलंय. त्यात १९ अभ्यास आणि साडेपाच लाखांच्या आसपास स्त्रिया आहेत. सर्वात जास्त व्यायाम करणाऱ्यांना स्तनाच्या कॅन्सरचा धोका सर्वात कमी करणाऱ्यांपेक्षा सुमारे १० टक्के कमी आढळला. म्हणजे शंभर जणींना व्हायचा तिथं नव्वद जणींना. त्या नव्वदांत आपण नाही, हे कोणी कोणाला सांगावं? शिवाय मोजला होता तो फावल्या वेळातला व्यायाम: चालणं, पोहणं, खेळ. उसातली खुरपणी त्यात नव्हतीच. मी मात्र दोन्ही एकाच पिशवीत घातलं होतं.

कमी वयात स्तनाची घडण दाट असते, मॅमोग्राफीत गाठ झाकली जाऊ शकते. म्हणून आधी सोनोग्राफी, मग सुईनं तुकडा काढून तपासणी. मी सोबत गेले. रिपोर्टमध्ये कॅन्सरच निघाला, पण काखेत पसरलेला दिसत नव्हता. परतताना एसटीत वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मंग माझं एवढं राबणं कुठं गेलं वो?"

मला उत्तर सुचलं नाही. मी त्यांची पिशवी मांडीवर घेतली.

आता केमो चालू आहे. मी व्यायाम सांगायचं सोडलेलं नाही, 'टाळा' म्हणायचं सोडलंय. आणि गाठीचा प्रश्न ओट्यावर विचारत नाही. पुढच्याच मंगळवारी तो पडद्याआड विचारला, तेव्हा दोघींनी आधीचं 'नाही' बदललं. एकीची गाठ साधी निघाली. दुसरीच्या रिपोर्टची वाट बघतेय.